जुन्या पिकअपच्या केबिनचा गंज: नवख्याने दुरुस्ती कशी करावी

सांगली जिल्ह्यात पिकअप गाडीला विश्रांती ठाऊक नसते. द्राक्षबागेची औषधे, खताची पोती, उसाचे बेणे, हळदीची पोती आणि बाजारचा भाजीपाला हे सगळे एकाच गाडीतून वाहिले जाते. इंजिनाची देखभाल मालक काटेकोरपणे करतात, परंतु केबिनच्या पत्र्याकडे लक्ष जाते ते दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाचे फोड आल्यावरच. त्या वेळी बहुतेक जण फोड खरवडून लांबी (खळगे भरण्याची पुट्टी) भरतात, वरून रंग मारतात आणि पुढच्या पावसाळ्यात तोच फोड मोठा होऊन परत येतो. याचे कारण रंगाच्या दर्जात क्वचितच असते. पत्रा आतून ओला राहत असतो आणि तो का ओला राहतो याचा शोध कोणी घेतलेला नसतो. म्हणून पुढील कामात पहिला मान पाण्याची वाट शोधण्याला दिला आहे. घासणे, जोडणे आणि रंगवणे ही कामे त्यानंतरची आहेत.

केबिन एका सलग पत्र्याची नसते. दाबून आकार दिलेले अनेक पत्रे एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि दरवाजाचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याभोवती घडी घालून दाबलेला असतो. या घड्यांमध्ये आणि दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत कंपनीचा रंग पुरेसा पोहोचत नाही, पाणी मात्र पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्यामुळे घडीत निर्माण झालेला गंज पत्रा फाकवतो, फाकलेल्या फटीत आणखी पाणी शिरते आणि रंगाला फोड येतो. बाहेर दिसणारा फोड नखाएवढा असेल, तर आतला गंज तळहाताएवढा असण्याची तयारी ठेवावी.

आपल्याकडे या पाण्यात खते आणि औषधेही मिसळलेली असतात. म्युरेट ऑफ पोटॅश या खतातील क्लोराइड लोखंडाला मिठाइतकेच घातक असते आणि सांडलेले खत हवेतील ओल शोषून घेत असल्याने त्याखालचा पत्रा उन्हाळ्यातही ओलसर राहतो. मोरचूद त्याहून वाईट आहे. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) तयार करणाऱ्या बागायतदाराला विळ्याची परीक्षा माहीत असते: चकचकीत विळा मिश्रणात बुडवून काढल्यावर पात्यावर तांबूस थर चढला, तर मिश्रण आम्लधर्मी आहे आणि अजून चुना हवा, असे समजतात. तो थर मोरचुदातील तांब्याचा असतो आणि तो चढताना तेवढे लोखंड विरघळून गेलेले असते. सीटमागे ठेवलेल्या फुटक्या पिशवीतून मोरचूद तळाच्या पत्र्यावर सांडले आणि त्यावर पाणी पडले, तर तेथे नेमके हेच घडते. शिवाय बसलेल्या तांब्यामुळे आजूबाजूचे लोखंड ओलीत अधिक वेगाने गंजत राहते.

गंज कोठे आणि किती आहे

तपासणीसाठी गाडी उन्हात उभी करून सीट, रबरी मॅट आणि तिच्याखालचा नमदा (जाड लोकरी अस्तर) पूर्णपणे बाहेर काढावा. मॅट वरून कोरडी दिसली तरी नमदा पिळल्यावर पाणी निघते, असा अनुभव जुन्या गाड्यांत नेहमीचा आहे. नमद्याखालचा पत्रा हाताने चाचपावा. ज्या जागी रंग सुरकुतल्यासारखा लागतो तेथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो आणि टोक दाबल्यावर तपकिरी पापुद्रे सुटतात. टोक आरपार गेले तर वाईट वाटून घेऊ नये. ते भोक आधीपासून होतेच, त्यावर फक्त रंगाचा पापुद्रा उरला होता.

त्यानंतर पुढच्या काचेच्या रबराखालचे दोन्ही कोपरे, वायपरखालचा भाग, छताच्या कडेची पन्हळ, दरवाजांच्या खालच्या घड्या, पायदान, पुढच्या चाकांवरील कमानी आणि केबिनची पाठ पाहावी. केबिन आणि हौदा (माल भरण्याचा मागचा भाग) यांच्यामधल्या अरुंद फटीत पाचट, माती आणि खताची भुकटी साचून राहते, पण ती जागा धुण्याचे कोणाच्याच लक्षात येत नाही. शेवटी गाडीखाली जाऊन, केबिन ज्या रबरी बुशांवर चासीला बसवलेली असते त्या जागा टॉर्च लावून नीट पाहाव्यात. पूर्वी कोणी लांबी भरली असल्याचा संशय आल्यास कापडात गुंडाळलेले लहान चुंबक पत्र्यावरून फिरवावे. जाड लांबीवर त्याची पकड एकदम सैल पडते.

आता पाण्याची परीक्षा घ्यावी. एकाने केबिनमध्ये टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने मंद धारेने पाणी सोडावे. सुरुवात खालून करून हळूहळू वर सरकावे आणि प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे थांबावे, म्हणजे पाणी नेमके कोणत्या फटीतून आत आले हे कळते. एकदम छतावर पाणी ओतले तर सगळीकडूनच थेंब गळतात आणि काहीच समजत नाही. तळाचा पत्रा पायाशी कुजला असला तरी गळतीचे मूळ अनेकदा काचेच्या रबराच्या कोपऱ्यात असते. पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरून मॅटखाली जमा होते. त्याच वेळी दरवाजांच्या तळाची निचऱ्याची भोके तपासावीत. काचेच्या कडेने दरवाजात पाणी जाणे स्वाभाविक आहे आणि ते खालून निघून जावे यासाठीच ती भोके असतात. ती चिखलाने बुजली की दरवाजात पाणी साठून राहते.

जुनी गाडी नव्याने विकत घेतली असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी वरून कितीही चकचकीत केली तरी पायदानाच्या पोकळीत आणि दरवाजाच्या तळाशी बारीक गाळ उरतो. भोकातून तार घालून फिरवल्यावर करडा गाळ आला, तर ती पोकळी धुऊन स्वच्छ केल्याशिवाय बाहेरच्या रंगावर एक रुपयाही खर्च करू नये.

स्वतः काय करावे आणि कोणते काम सोडावे

वरवरचा गंज आणि खड्डे पडलेला, पण अजून ठोस असलेला पत्रा नवखा माणूस स्वतः उत्तम प्रकारे दुरुस्त करू शकतो. तळाच्या सपाट भागातील भोकाला ठिगळ कापून बसवणेही त्याला जमते. वेल्डिंगसाठी मात्र जाणकाराची मदत घ्यावी. केबिनच्या बुशांच्या जागा, दरवाजाच्या बिजागऱ्यांचे खांब, सीटबेल्टचे बोल्ट जेथे बसतात तो भाग आणि चासी यांना हात लावू नये. अपघाताच्या वेळी माणसाचा जीव या जागांवर अवलंबून असतो आणि तेथे सुबक दिसणारे पण कमकुवत वेल्डिंग उघड्या भोकापेक्षा धोकादायक ठरते, कारण ते फसवते. दरवाजाची खालची घडी संपूर्ण लांबीत फाकली असेल, तर भंगार बाजारात त्याच मॉडेलचा सुस्थितीतील दरवाजा मिळतो का हे आधी पाहावे. तो बसवणे बहुधा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

कामाची वेळ द्राक्षाच्या हंगामावरून ठरवणे सोयीचे असते. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत गाडी मोकळी मिळत नाही आणि पावसाळ्यात हे काम करूच नये. त्यामुळे एप्रिल-मे हेच महिने उरतात. त्या काळात दोन अडचणी येतात. दुपारी पत्रा इतका तापतो की रंग नीट बसण्याआधीच त्यातील थिनर उडून जातो आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो. म्हणून उघडा केलेला पत्रा प्रायमर न लावता रात्रभर ठेवायचा नाही, असा नियम करावा आणि एका दिवसात जेवढा भाग घासून प्रायमरपर्यंत नेता येईल, तेवढाच हाती घ्यावा. सगळी केबिन एकदम उघडी करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला तर निम्मे काम वाचते.

धुणे आणि घासणे

घासण्यापूर्वी धुणे आवश्यक आहे. खताचे क्षार गंजाच्या बारीक खड्ड्यांत बसलेले असतात आणि कोरड्या घासण्याने ते निघत नाहीत. उलट वायर ब्रशने घासल्यास ते खड्ड्यात आणखी दाबले जातात. साबणाच्या पाण्याने आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने तळ, पायदान आणि केबिनमागची फट धुवावी. फवारणीचा एचटीपी पंप वापरायचा असल्यास टाकी, पंप आणि नळी आधी स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यावी आणि जोराची धार जोडांवर व वायरिंगवर मारू नये. नंतर दरवाजे उघडे ठेवून गाडी दोन दिवस कडक उन्हात वाळवावी.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्यानंतरच ग्राइंडर हातात घ्यावा. गॉगल, धुळीचा मास्क आणि चामड्याचे हातमोजे यांत काटकसर करू नये. कप ब्रशची तुटलेली तार गोळीसारखी उडते. काचा ओल्या गोणपाटाने झाकाव्यात, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून कायमचे ठिपके पाडतात. सैल खपल्या आधी पत्र्याच्या खरवडणीने काढाव्यात, त्यानंतर वायर ब्रश आणि शेवटी ८० नंबरची फ्लॅप डिस्क अगदी हलक्या हाताने फिरवावी. केबिनचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. डिस्क एका जागी दाबून धरली तर पत्रा तापून निळा पडतो, लहरतो आणि आणखी पातळ होतो. गंजाच्या कडेपासून सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे अंतरावरचा चांगला रंगही काढावा; गंज रंगाखालून पुढे सरकलेला असतो आणि जेथे चकचकीत लोखंड लागते तेथेच त्याची खरी हद्द असते.

एवढे करूनही खड्ड्यांच्या तळाशी काळपट ठिपके उरतात. त्यांच्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचा गंजनाशक द्राव ब्रशने लावावा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबून तो पुसून काढावा किंवा धुवावा आणि पत्रा लगेच कोरडा करावा. हा द्राव पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावरच काम करतो. पापुद्र्यांवर ओतला तर तो वाया जातो. न्हाणीघर धुण्याचे ॲसिड मात्र चुकूनही वापरू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याने पत्रा क्षणात पांढराशुभ्र होतो, परंतु मागे राहिलेल्या क्लोराइडमुळे काही तासांतच पिवळा गंज परत चढतो आणि जोडांमध्ये शिरलेले आम्ल पुढे आतून पत्रा खात राहते.

भोकाला ठिगळ

भोक बुजवण्यासाठी त्यात कापड, जाळी किंवा फायबर कोंबून वरून लांबी ओढण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने भोक दिसेनासे होते, पण मागच्या बाजूला पाणी धरून ठेवणारा थर तयार होतो आणि भोवतालचा निरोगी पत्राही कुजू लागतो. भोकाभोवतीचा पातळ झालेला सर्व भाग कापून काढावा, अगदी सुरुवातीला आगपेटीएवढे असलेले भोक वहीच्या पानाएवढे झाले तरी चालेल. कापताना कोपरे गोल ठेवावेत. पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहावा आणि तो मनासारखा बसल्यावरच त्यावरून पत्रा कापावा. तळासाठी १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा आणि बाहेरच्या भागासाठी २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा सी. आर. (कोल्ड रोल्ड) पत्रा पुरतो. छपराचा जस्ताचा पत्रा घेऊ नये, कारण वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर निघतो.

तळाच्या ठिगळाला चारी बाजूंनी सुमारे १५ मिलिमीटर चढ ठेवावा आणि एकमेकांवर येणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांना वेल्डिंगला चालणारा जस्तयुक्त प्रायमर लावावा. वेल्डिंग सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरणाऱ्या) मशीनवरच करून घ्यावे. गेट आणि ट्रॉली जोडणाऱ्या साध्या आर्क वेल्डिंगने हा पत्रा जळून आणखी भोके पडतात, त्यामुळे गावातील फॅब्रिकेशनवाल्याकडे सीओटू मशीन आहे का हे आधी विचारावे. सलग रेघ ओढण्याऐवजी समोरासमोर टाके घालत, प्रत्येक टाका निवू देत जावे, म्हणजे पत्रा ताणला जात नाही. त्या वेळी नमदा, सीट आणि वायरिंग दूर असल्याची, तसेच डिझेलच्या नळ्या कोठून जातात याची खात्री करावी, पाण्याची बादली व ओले गोणपाट हाताशी ठेवावे आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलू नये. पोकळीत पडलेली ठिणगी धुमसत राहून उशिरा पेट घेते.

प्रायमर, लांबी आणि रंग

घासलेला पत्रा थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसल्यानंतर त्यावर उघडा हात लावू नये. घामातील मीठ बोटांच्या ठशांच्या आकारात गंज उठवते. पहिला थर दोन डब्यांच्या इपॉक्सी प्रायमरचा द्यावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गेटचा रेड ऑक्साइड स्वस्त असतो आणि तळाखालच्या भागाला वरून रंग लागणार असेल तर तो चालूनही जातो. परंतु त्यावर पॉलिस्टर लांबी किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग चढवला की त्यातील द्रावकाने खालचा थर सुरकुततो आणि उठतो. बाहेरच्या, दिसणाऱ्या भागांवर तो लावू नये. इपॉक्सीचे दोन्ही डबे दिलेल्या प्रमाणातच मिसळावेत आणि दोन थर द्यावेत. खोल खड्ड्यांत तो ब्रशने घोळवून भरणे फवारणीपेक्षा चांगले.

लांबी या प्रायमरवर लावावी. लांबी पाणी शोषते, म्हणून तिच्याखाली आणि वर दोन्हीकडे प्रायमर असणे महत्त्वाचे आहे. शंभर ग्रॅम लांबीला सुमारे दोन ग्रॅम हार्डनर पुरतो. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घातला तर पुढे वरच्या रंगावर डाग उमटतात आणि मे महिन्याच्या उन्हात तर ते मिश्रण फळीवरच दगड होते. एका वेळी पुरीएवढाच गोळा मळावा, पातळ थर ओढावेत आणि एकूण जाडी तीन मिलिमीटरपेक्षा अधिक होऊ देऊ नये. त्याहून खोल खळगा असेल तर पत्रा हातोडी आणि डॉलीने (पत्र्याला आधार देण्याच्या लोखंडी ठोकळ्याने) आधी उचलावा. लांबी लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या ८० आणि मग १८० नंबरच्या कागदाने कोरडीच घासावी. नुसत्या बोटांनी घासल्यास लाटा पडतात आणि त्या रंग चढल्यावरच दिसतात. त्यावर सर्फेसरचे (रंगाआधी पृष्ठभाग एकसारखा करणाऱ्या प्रायमरचे) दोन थर द्यावेत, ते वाळल्यावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासावेत आणि पत्रा पुन्हा पूर्ण वाळवावा.

रंगाच्या बाबतीत एक स्पष्ट सल्ला आहे. हार्डनर घालून मारायच्या टू-के रंगांमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल त्यापासून मुळीच संरक्षण देत नाही. दिसणारे भाग टू-केनेच रंगवायचे असतील, तर सर्फेसरपर्यंतचे काम स्वतः करून शेवटचे थर योग्य सोय असलेल्या पेंटरकडून मारून घ्यावेत. तळ, पायदानाची आतली बाजू आणि केबिनची पाठ यांसाठी हार्डनर न लागणारा रंग ब्रशने किंवा स्प्रेच्या डब्याने लावणे पुरेसे आहे; तेव्हाही जागा मोकळी असावी आणि सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क वापरावा. रंगकाम सकाळी, पत्र्यावर तळहात सहज ठेवता येतो तोपर्यंतच करावे. गाडीचा मूळ रंग तोच ठेवावा, कारण रंग बदलल्यास आरटीओकडे नोंद करावी लागते. आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता तपासणीस न्यावे लागते, म्हणून ही कामे त्या तारखेच्या आधी आटोपतील असे पाहावे.

आतल्या पोकळ्या आणि पुढची काळजी

रंग वाळल्यावर गाडी पूर्ण झाल्यासारखी दिसते, मात्र दुरुस्ती टिकवणारे काम अजून बाकी असते. ठिगळांच्या कडांना आणि पत्र्यांच्या सर्व जोडांना वरून व खालून सीम सीलंट (जोड बुजवणारे रबरी लेपण) ओढावा. पाण्याच्या परीक्षेत दोषी ठरलेले काचेचे रबर बदलावे. कडक झालेल्या रबरावर सिलिकॉन थापल्याने गळती फक्त जागा बदलते. मग लांब नळीच्या नोझलने दरवाजांच्या घड्यांत, पायदानात आणि खांबांच्या पोकळीत पोकळीसाठीचे मेण फवारावे आणि ते निचऱ्याच्या भोकांतून थेंब-थेंब बाहेर येईपर्यंत थांबावे. हे वेल्डिंगच्या आधी कधीही करू नये, कारण मेण पेट घेते. मेण निथळल्यावर प्रत्येक भोक तारेने पुन्हा मोकळे करावे.

अनेक जण मेणाऐवजी जळके ऑइल डिझेलमध्ये मिसळून मारतात. त्याने बुश आणि बीडिंगचे रबर फुगते, धूळ चिकटून चिखलाचा थर बसतो आणि ठिबकलेले तेल जमिनीत जाते. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो, तिच्या काठावर हे करणे योग्य नाही. काळे अंडरबॉडी कोटिंग चांगले असते, पण ते प्रायमर लावलेल्या स्वच्छ पत्र्यावरच मारावे. जिवंत गंजावर मारल्यास आतली ओल कोंडली जाते आणि पत्रा किती खराब झाला आहे हे दिसण्याचा मार्गच बंद होतो.

नमदा पूर्ण वाळला नसेल तर तो परत घालू नये. जुना, खताने माखलेला नमदा फेकून देणेच श्रेयस्कर आहे. खते, मोरचूद आणि औषधे केबिनमध्ये न ठेवता हौद्यात, जाड प्लॅस्टिकच्या टबमध्ये न्यावीत. माणसाच्या श्वासासाठीही तेच हिताचे आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मॅट उचलून पाहावी, केबिनमागची फट धुवावी आणि दरवाजांच्या भोकांत तार फिरवावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर ठिगळांच्या कडा खालून टॉर्च लावून तपासाव्यात आणि कोठे तपकिरी ओघळ दिसलाच, तर दिवाळीपर्यंत न थांबता उघडीप मिळताच तेवढा भाग घासून त्यावर प्रायमर आणि सीलंट पुन्हा लावावा.